पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून?

पत्र कोल्हापुरातल्या एका वाचकाचं आहे. वय छत्तीस, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर. दर आठवड्याला पाळी बदलते आणि सुट्टी सोमवारी असते. पत्नी बत्तीस वर्षांची, सात वर्षं एका पतसंस्थेत नोकरीला, वेळ दहा ते सहा, सुट्टी रविवारी. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. मुलगा दोन वर्षांचा होत आलाय. आजवर दोन्ही मुलांना वाचकाच्या आईनं सांभाळलं. आता तिचे गुडघे चालत नाहीत. "मला गावाकडं धाकट्याजवळ सोड," असं तिनं सांगितलंय. वाचकानं हिशेब केला. पत्नीला पीएफ कापून हातात १९ हजार मिळतात. त्यातून पाळणाघर साडेचार हजार, स्वयंपाकाच्या मावशी चार हजार, धुणीभांडी दोन हजार, मोपेडचं पेट्रोल दीड हजार. उरतात सात हजार. "सात हजारांसाठी एवढी ओढाताण कशाला? मुलगा शाळेत जाईपर्यंत तिनं घरी थांबावं," असं त्यांचं म्हणणं. पत्नीनं नकार दिला, उलट "तुम्ही जनरल शिफ्ट मागून घ्या" असं सुचवलं. तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं होतं. "मी घरात हातभार लावतो. माझ्या आईनं शेत, म्हशी आणि आम्ही दोघं भाऊ, सगळं एकटीनं केलं, कधी कुरकुरली नाही. हिला समजेल असं काहीतरी लिहा," अशी त्यांची विनंती आहे.

नमस्कार.

तुम्ही हिशेब स्वच्छ मांडलाय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. वजाबाकी बरोबर आहे. पण चारही खर्च तिच्याच पगारासमोर लिहिलेत. मुलगा दोघांचा आहे. भाकरी तुम्हीही खाता. धुण्यात तुमचे फौंड्रीतले कपडे असतात, आणि काळी वाळू बसलेली पँट धुवायला किती वेळ लागतो ते धुणाऱ्याला माहीत असतं. हेच बारा हजार तुमच्या ३१ हजारांतून वजा करून बघा. १९ उरतात. म्हणून तुम्ही नोकरी सोडावी असं तुमच्या मनात एकदाही आलं नाही, आणि ते यावं असं मला म्हणायचंही नाही. मला एवढंच विचारायचंय, की मूल झाल्यावर होणारा खर्च आपोआप आईच्या पगाराला कुणी चिकटवला?

आता घर एकत्र धरून मांडू. दोघांचे मिळून ५० हजार येतात, बारा जातात, ३८ राहतात. तिनं नोकरी सोडली आणि सगळं काम तिनंच केलं तर ३१ राहतात. तुमचे सात हजार इथंही तेवढेच दिसतात. पण पीएफ या हिशेबात आलाच नाही. तिचा मूळ पगार १५ हजार धरला तर तिच्याकडून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, आणि संस्थेकडून तेवढेच जमा होतात. म्हणजे घराचं नुकसान महिन्याला सात हजारांचं नाही, दहा हजार सहाशेचं आहे. संस्थेच्या वाट्यातले साधारण १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात. त्या योजनेत दहा वर्षं सेवा पूर्ण झाली की ५८ व्या वर्षापासून दरमहा पेन्शनचा हक्क मिळतो. तिची सात झालीत, तीन राहिलीत. त्या तीन वर्षांची किंमत तुमच्या वहीत कुठंच नाही. ग्रॅच्युइटीही प्रत्येक पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबानं वाढते. ती वाढही थांबेल.

शिवाय पाळणाघराचा खर्च जन्मभराचा नाही. मुलगा तीन वर्षांचा झाला की अर्धा दिवस बालवाडीत जाईल, पुढं शाळेत. खर्च दरवर्षी थोडा थोडा उतरणार आहे. बत्तिसाव्या वर्षी सोडलेली नोकरी मात्र सदतिसाव्या वर्षी त्याच टेबलावर, त्याच पगाराला मिळत नाही. मधल्या काळात संगणकावरची कामाची पद्धत बदललेली असते, हाताखालची मुलं वर गेलेली असतात. "मुलगा शाळेत जाईपर्यंत" असं तुम्ही लिहिलंय ते मनापासून लिहिलं असणार, पण परत येण्याची वाट तुमच्या हातात नाही.

पैशाचं इथं थांबवते, कारण तुमच्या घरातला अबोला पैशावरून आलाय असं मला वाटत नाही.

तुम्ही आईबद्दल लिहिलेली ओळ मी बराच वेळ डोक्यात घोळवत होते. शेत, म्हशी, दोन मुलं, आणि कधी कुरकुर नाही. तिनं कुरकुर केली असती तर ऐकायला कोण होतं? पहाटे धार काढायची, दूध संस्थेत घालायचं, चूल, मग रान, संध्याकाळी पुन्हा वैरण आणि धार. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल यायचं त्यावर तुमच्या वह्या-पुस्तकांचा आणि किराणाचा खर्च भागत असणार. म्हणजे तुमची आईही कमावती होती. तिच्या कमाईला कुणी नोकरी म्हटलं नाही एवढंच. आणि घरात ती एकटीही नसावी. गावाकडच्या घरात सासू, जावा, शेजारीण, कुणीतरी पोराकडं बघायचंच. आज तिचे जे गुडघे दुखतायत त्यांत त्या सगळ्या वर्षांचं ओझं आहे. नंतर साठीत तिनं तुमची दोन मुलंही वाढवली. आता ती गावी जाऊ म्हणतेय. मला हे तिचं पहिलं स्पष्ट मागणं वाटतं. तिची थकावट बघून तुम्ही तीच दिनचर्या बायकोच्या अंगावर टाकू बघताय, हे तुमच्या लक्षात आलं नसेल, म्हणून लिहिते.

आणि मूल आईपाशीच चांगलं वाढतं, असा तुमच्या पत्राचा एक न बोललेला सूर आहे. तुमचा मुलगा तर जवळजवळ दोन वर्षं दिवसभर आजीपाशी वाढला आणि तुमच्याच शब्दांत "गुटगुटीत, हसरा" आहे. त्याला लागतं ते ओळखीचं, न बदलणारं, प्रेमानं बघणारं माणूस. ते माणूस आई असू शकते, आजी असू शकते, चांगल्या पाळणाघरातली ताई असू शकते. आणि तुम्हीही असू शकता. त्याविषयी पुढं बोलते.

"मी घरात हातभार लावतो" याखाली तुम्ही कामांची यादी दिलीये. गॅस सिलिंडर उचलून ठेवता, रविवारी मटण आणता, मुलीला कधीमधी शाळेत सोडता, सांगितलं तर भाजी आणता. या यादीवर मला शंका नाही. पण मला सांगा, मुलाचे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचे बूस्टर डोस झाले का? मुलीचा पाच ते सहा वर्षांतला डोस? कार्ड कुठल्या कप्प्यात आहे? शाळेत पुढच्या आठवड्यात काय न्यायचंय? गणवेशाचं बटण तुटलंय का? सिलिंडर तुम्ही उचलता, पण बुक कोण करतं, आणि संपत आलाय हे कुणाला कळतं? वर्षाची चटणी कांडून आणायची तर मिरच्या कधी घ्यायच्या, वाळवायच्या कुठं, हे उन्हाळा सुरू व्हायच्या आधी कुणाच्या डोक्यात सुरू होतं? तुमची पत्नी पतसंस्थेच्या काउंटरवर बसून दुसऱ्याच्या ठेवीच्या पावत्या करताना हे सगळं मनात धरून बसलेली असते. फौंड्रीत तुम्हाला हे नीट समजेल. हेल्पर सांगितलेला साचा उचलतो. भट्टीचं तापमान, मालाची तारीख, रिजेक्शन, उद्याची हजेरी हे सुपरवायझर सांभाळतो. दमणूक दोघांनाही होते, पण घरी गेल्यावरही काम ज्याच्या डोक्यातून उतरत नाही तो सुपरवायझर. घरात सगळी सुपरवायझरी तिच्याकडं आहे आणि तिला सुट्टीचा वार नाही. तुमचा सोमवार मोकळा असतो. तिचा रविवार मटणाच्या वाटणात, आठवड्याच्या धुण्यात आणि पाहुण्यांत जातो.

हे तुमच्या एकट्याच्या घरातलं नाही, म्हणून मी तुम्हाला दोष द्यायला बसलेली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांचं काम दहा मिनिटांनी घटलं, आणि पुरुषांचंही नऊ मिनिटांनी घटलं. म्हणजे तिच्याकडून कमी झालेलं त्यानं उचललं असं झालेलं नाही. आणि ही सरासरी काम करणाऱ्यांची आहे. घरकामात अजिबात हात न घालणारे पुरुष तर त्यात धरलेलेच नाहीत. २०१९ मध्ये एखाद्या दिवशी घरकाम करणाऱ्या बायका ८१ टक्के होत्या आणि पुरुष २६ टक्के.

आता तुमच्या पाळ्यांकडं बघा. पत्रात तुम्ही त्यांना अडचण म्हणून लिहिलंय. मला त्यातच बरीच सोय दिसते, फक्त वाटणी दर आठवड्याला वेगळी करावी लागेल. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तुम्ही साडेतीन-चारपर्यंत घरी येता. मुलगी शाळेतून त्याच सुमारास येते, पत्नीला घरी यायला साडेसहा वाजतात. त्या आठवड्यात पाळणाघरातून मुलाला आणणं, दोघांचं खाणं, मुलीचा अभ्यास, रात्रीची भाजी आणि भात हे सगळं तुमचं. सकाळचं तिचं. दुसऱ्या पाळीत उलटं. सकाळी उठून मुलीचा डबा, तिची वेणी, शाळा, मुलाची अंघोळ आणि अकरा-बारापर्यंत त्याला घरी सांभाळणं तुमच्याकडं. मग पाळणाघर त्या आठवड्यात अर्ध्या दिवसाचंच लागेल, तशी फी ठरवून घेता येते का तेही विचारा. रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्हाला झोप हवीच. भट्टीजवळ झोपेविना उभं राहण्यात धोका आहे, त्यामुळं त्या आठवड्यात तुमच्यावर कमीत कमी टाका. येताना दूध-भाजी आणि मुलीला शाळेत सोडणं, मग झोप. त्या आठवड्यात मावशींना जादा वेळ बोलवा. बाहेरच्या माणसाला द्यायचे पैसे सगळे आठवडे सारखे असायची गरज नाही.

सोमवार मात्र मला तुमच्याकडून हवाय. पूर्ण नव्हे, दुपारपर्यंत. त्या दिवशी मुलगा तुमच्याजवळ घरी. किराणा, दवाखाना, बँक, मुलीच्या शाळेतलं काही, ही कामं तिला अर्ध्या रजा टाकून करावी लागतात, ती सोमवारी तुम्ही करा. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर खुशाल जा, माणसाला मित्र लागतात. तसेच रविवारचे तीन-चार तास तिला द्या. त्या वेळात तिनं काय करावं हे ठरवू नका. माहेरी जाईल, झोपेल, मैत्रिणीबरोबर रंकाळ्यावर जाईल.

स्वयंपाक येत नाही असं तुम्ही लिहिलंय. कोल्हापुरात हे मी सहज मान्य करणार नाही. रानातल्या पार्टीला पन्नास माणसांचा तांबडा-पांढरा कोण करतं? मंडळाच्या महाप्रसादाच्या कढया कोण ढवळतं? गंगावेशला, मोतीबागला गावाकडून आलेली पोरं तालमीत राहतात, ती स्वतःचं जेवण स्वतः शिजवतात, कपडे धुतात, झाडलोट करतात. पुरुषाला हे जमत नाही असं इथं कुणी म्हणू शकत नाही. सणासुदीचा स्वयंपाक आणि रोजची आमटी यांत फरक इतकाच की रोजच्या आमटीला टाळ्या नसतात, आणि ती उद्या पुन्हा करावी लागते. तुम्ही पहिल्यांदा तीच घ्या. कट्ट्यावर कुणी "बायकोचा गडी" म्हणालं तर पहिले दोन आठवडे टोचेल. तुम्ही उठून "पोराला आणायची वेळ झाली" म्हणून शांतपणे निघालात की बोलणाऱ्यांचाही उत्साह मावळतो. आणि त्यातलाच एखादा नंतर तुम्हाला बाजूला घेऊन चांगलं पाळणाघर कुठलं ते विचारेल.

"मी भांडी घासली तर ती पुन्हा घासते" ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. जे काम पूर्ण सोपवलं ते सोपवलं, मग त्याची पद्धत करणाऱ्याची. हे तिनंही पाळायला हवं. पण दोन गोष्टी आधी बोलून घ्या. एक, किती झालं म्हणजे काम झालं. कढईचा बुडखा काळा राहिला तर चालतो का, मुलाचं दुपारचं जेवण किती वाजेपर्यंत व्हायलाच हवं, हे दोघांनी मिळून ठरवा. दुसरं, काम अर्धं घेऊ नका. भाजी आणणं तुमच्याकडं असेल तर काय संपलंय ते बघणंही तुमचंच. फोन करून "काय आणू?" विचारलंत की अर्धं काम पुन्हा तिच्याकडं गेलं. लसीकरणाचं कार्ड, शाळेचा ग्रुप आणि सिलिंडर ही तीन खाती मी तुम्हाला आजच घ्यायला सांगेन. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तुमचा नंबर टाका. तिथं बहुतेक आयाच असतील, काही बिघडत नाही.

जनरल शिफ्टचा तिचा पर्याय तुम्ही एका ओळीत उडवून लावलात. रात्रपाळीचा भत्ता जाईल, बढती लांबेल, असं लिहिलंत. दोन्ही खरं असेल. पण तिनं नोकरी सोडावी असं म्हणताना तिची बढती तुम्ही धरली होती का? निदान कारखान्यात विचारा तरी. दोन वर्षांपुरती, किंवा रात्रपाळी सोडून फक्त पहिली-दुसरी, असं काही मिळतं का. भत्त्याचा आकडा काढा आणि तो तिच्या दहा हजार सहाशेच्या शेजारी ठेवून बघा. विचारतानाच आणखी एक विचारा. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी असं कायदा म्हणतो. ती सोय अनेक कारखान्यांनी मिळून एकत्र केली तरी चालते. औद्योगिक वसाहतीत अशी मागणी बहुतेक वेळा येतच नाही, कारण बाप ती करत नाहीत. तुमच्यासारखे चार सुपरवायझर एकत्र गेले तर एचआरला उत्तर द्यावं लागेल.

पाळणाघर निवडताना तिला एकटीला धाडू नका. दोघं जा, आणि एकदा न सांगता दुपारच्या वेळी जाऊन या. किती मुलांमागं एक ताई आहे, मुलं झोपतात तिथं वारा-उजेड आहे का, जेवण घरचं चालतं का, ताप आल्यावर कुणाला फोन करतात. त्या फोनसाठी पहिला नंबर तुमचा द्या. आई गावी जाण्याआधी दोन-तीन आठवडे मुलाला थोडा थोडा वेळ तिथं बसवायला सुरुवात करा. आजी घरात असताना तो रुळला तर त्याला दोन्ही धक्के एकदम बसणार नाहीत.

हे सगळं सहा महिने करून बघा आणि मग दोघं पुन्हा बसा. तेव्हाही जमत नाही असं निघालं, आणि खरंच कुणाची तरी नोकरी थांबवायची वेळ आली, तर तो निर्णय दोघांच्या सहीचा असू दे. तिनं थांबायचं स्वतःहून ठरवलं तर काही गोष्टी आधी कागदावर घ्या. आधी बिनपगारी रजा किंवा अर्धवेळ मिळते का ते बघायचं. राजीनामा द्यावाच लागला तर पेन्शन योजनेतली रक्कम काढून घ्यायची नाही, त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे पुढच्या नोकरीत ही सात वर्षं धरली जातात. घरकामाला किंमत असते हे सर्वोच्च न्यायालयानं अपघात भरपाईच्या निकालांत मान्य केलंय. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात ते पुन्हा स्पष्ट म्हटलंय. मग घरातही ती किंमत दिसायला हवी. पगार झाला की ठरलेली रक्कम तिच्या खात्यात, तिनं न मागता. तिच्या नावानं पीपीएफ उघडून पीएफमध्ये जात होते तेवढे पैसे दरमहा त्यात. आणि कुठल्या महिन्यात ती परत कामाला लागणार आणि त्या दिवशी मुलाकडं कोण बघणार, हेही त्याच कागदावर.

तिला समजेल असं लिहा, असं तुम्ही म्हणालात. तिला लिहावं असं मला काही सापडलं नाही. येत्या सोमवारी लसीकरणाचं कार्ड शोधा. डोस राहिला असेल तर दवाखान्यात तुम्हीच घेऊन जा, आणि ती घरी आल्यावर पुढची तारीख तिला सांगा.